अर्धा डझन

सहाव्या खेपेला पंचफुला बोलली.
तोवर मीच बोलत होते,
प्रशिक्षणात मिळालेला तक्ता मांडीवर घेऊन:
नकार, राग, घासाघीस, दुःख, स्वीकार,
पाच पायऱ्या, पाच रंगांच्या.
तिच्या छपरीला पायऱ्या दोनच,
त्याही मी कॅलिपरचा पाय आधी टाकून
खांबाला धरून चढलेली.

ती कोंबड्यांकडे बघत बसायची.
सासू म्हणायची, 'कानानंबी गेली का काय माय हे?'

सोयाबीनच्या हडंब्यात गेला उजवा हात,
कोपराच्या खाली चार बोटं सोडून.
दिवाळीला आठवडा होता.
दिरानं तो दुपट्ट्यात गुंडाळून
धुऱ्यावर, बोरीच्या बुडाशी पुरला.
हळद वाहिली होती का, तिनं विचारलं
शुद्धीवर आल्यावर.
कुणालाच आठवेना.

सहाव्या खेपेला म्हणाली,
'मॅडम, पुरलेल्या हाताले खाज सुटते.
करंगळीले. रातच्यानं.
कुठं खाजवू? बोरीपाशी जाऊ?'

उत्तर मला पाठ होतं,
की मेंदूला अजून खबर पोचलेली नाही.
तसं म्हटलं.
'पोचन कशी,' ती म्हणाली,
'पोस्टमन तरी येते का आमच्या गावात?'
मी हसले. मग तीही.
सासूनं चुलीपुढून मान वळवून पाहिलं,
काही सांडलं की काय, म्हणून.

पुढचे मंगळवार कामात गेले.
परातीखाली ओलं फडकं, म्हणजे परात फिरत नाही.
पाटाला खालून ठोकलेले दोन खिळे,
त्यांच्या टोकांवर वांगं रोवायचं, मग चिरायचं.
नाडीची गाठ दातानं ओढायची युक्ती तिचीच;
मी ती वहीत उतरवून घेतली
गिरडच्या वायरमनला दाखवायला.
त्यालाही एकच उरलाय.

एका मंगळवारी तीन भाकरी तुटल्या, तव्यावर टाकताना.
चौथी तिनं भिंतीवर हाणली.
काहीतरी बोलायला हवं होतं मी, पगार त्याचाच मिळतो.
भाकर भिंतीला धरून राहिली थोडा वेळ,
मग घसरत खाली आली.
कोंबड्यांची चंगळ झाली.

वर्ध्याहून सर्टिफिकेट आलं. मी वाचून दाखवलं:
सत्तर टक्के, कायमस्वरूपी.
'सत्तर!' ती म्हणाली,
'धाववीत मले एवढे नोहते भेटले.'
नवरा दारातच उभा होता, सायकल धरून.
हसावं की नाही ते त्याला कळेना.
तो हापशीवर पाणी आणायला गेला,
दोन्ही गुंड भरलेले असताना.

संक्रांतीच्या आधी कासारीण आली.
दवाखान्यात सलाईनसाठी डाव्या हातातल्या बांगड्या
कापून काढल्या होत्या,
तेव्हापासून तो हात तसाच.
नवरा जिता असून असं बोडकं मनगट,
नळावर बाया हळू बोलायच्या, ऐकू जाईल इतकं हळू.
'अर्धा डझन दे,' पंचफुला म्हणाली.
'अर्धा देत नाही बाई, जोड मोडते माह्या.'
टोपल्यात हिरव्या काचेवर ऊन पडलेलं.
'मंग आख्खा भर. एकाच हातात.'

अकरा चढल्या, पार वरपर्यंत.
बारावी उरली.
तिनं माझा हात ओढला, घड्याळाचा,
आणि बांगडी माझ्या बोटांवर ढकलू लागली,
एकाच हातानं, माझा पंजा गुडघ्यांत दाबून.
अंगठ्याच्या हाडापाशी अडकली.
कासारीण म्हणाली, साबण आना.

'तुमाले कोन येत होतं समजवाले,
लहान होत्या तवा?'
'कोणी नाही.'
ती ढकलत राहिली.
मी खाली बघत होते,
माझ्या कॅलिपरच्या बकलात
कोंबडीचं एक पीस अडकलं होतं.

'दुखते तर दुखते म्हना,' ती म्हणाली,
'थेच तर सांगत होत्या ना तुमी मले
पाच खेपा.'

हाओ, म्हटलं.
दुखते.